वजनकाट्यापासून विधिमंडळापर्यंत

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फ्लॉवरचा माल उतरला की त्याचा पाला तिथल्या तिथे सोलून बाजूला पडतो. शेतावर राहिला असता तर तो जनावरांच्या दावणीत गेला असता. यार्डाच्या फरशीवर पडला की तो ओला कचरा होतो. या पाल्याचा माग सरकारी कागदांवर काढू गेलो, तर तो तीन ठिकाणी सापडायला हवा. पणन खात्याच्या लेखी ते काढणीनंतरचे नुकसान आहे, महापालिकेच्या लेखी घनकचरा, आणि बायोगॅसच्या टाकीत पडला तर ऊर्जा खात्याच्या लेखी कच्चा माल. पहिले खाते हिशेब रुपयांत मांडते, दुसरे टनांत, तिसरे युनिटांत किंवा गॅसच्या किलोत. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून जुळतात का हे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नाही. ज्यांनी ते आपणहून अंगावर घेतले, त्यांच्या खटाटोपातून हे अभ्यासक्षेत्र उभे राहिले. त्याची मराठी वाचकाला ओळख व्हावी म्हणून हे पुस्तक.

कचऱ्यावर मराठीत विचार झालेला नाही, असे अजिबात नाही. गाडगेबाबांच्या खराट्यापासून अप्पासाहेब पटवर्धनांच्या कणकवलीच्या गोपुरीपर्यंत स्वच्छतेचा विचार आपल्याकडे किती कसदार होता हे वेगळे सांगायला नको. त्या विचाराचा रोख माणसाच्या सवयींवर होता, आणि त्याहून अधिक, घाण उपसण्याचे काम एका जातीच्या माथी मारणाऱ्या समाजावर होता. पुढे सरकारने गाडगेबाबांचे नाव अभियानाला दिले, स्पर्धा लावल्या, बक्षिसे वाटली. त्यातून काही गावे खरोखर स्वच्छ झाली. पण एक खोडही लागली: कचऱ्याचा विषय निघाला की बोट नागरिकाकडेच वळते. ओला-सुका वेगळा करा, पिशवी घरून न्या, पानात टाकू नका. हे सगळे रास्तच आहे. या पुस्तकातले लेख मात्र घंटागाडी गल्लीतून वळल्यानंतरच्या गोष्टीत रमतात. वेगळा केलेला कचरा पुढे कुठे गेला, त्यासाठी कोणाला किती पैसे मिळाले, आणि याचा जाब कोणी कोणाला द्यायचा होता?

माझे एक मत या विषयात वावरता वावरता पक्के झाले आहे, ते आधीच सांगून टाकतो. सरकारची जबाबदारी नियमांच्या कडकपणावर अवलंबून नसते. आकडा कुठे मोजला जातो, तो फुगवण्यात किंवा दडवण्यात कोणाचा फायदा असतो, आणि तो चारचौघांत कोणासमोर वाचून दाखवावा लागतो, या तीन गोष्टी ठरल्या की जबाबदारी आपोआप ठरत जाते. त्या ठरल्या नाहीत तर कायदा कितीही कडक असो, तो राजपत्रात सुखाने नांदतो.

कायद्याचा इतिहास थोडक्यात असा. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने असीम बर्मन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या शिफारशींच्या आधारे २००० साली शहरी घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी त्या नियमांनी शहरांना ३१ डिसेंबर २००३ पर्यंतची मुदत दिली होती. बहुतेक शहरांनी ती आरामात ओलांडली आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मग ८ एप्रिल २०१६ रोजी नवे नियम आले. रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणारी हॉटेले, सोसायट्या, मंगल कार्यालये, बाजार यांच्यावर आपल्या ओल्या कचऱ्याची शक्यतो जागच्या जागी विल्हेवाट लावण्याची जबाबदारी आली. त्या नियमांतला, बातम्यांत फारसा न आलेला एक भाग अभ्यासकासाठी सोन्याचा आहे: अहवालांचे वेळापत्रक. प्रकल्प चालवणाऱ्याने ३० एप्रिलपर्यंत पालिकेला वार्षिक अहवाल द्यायचा, पालिकेने ३० जूनपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला, राज्य मंडळाने ३१ जुलैपर्यंत केंद्रीय मंडळाला, आणि केंद्रीय मंडळाने ३१ ऑगस्टपूर्वी मंत्रालयाला. चार पायऱ्या आणि चार तारखा. यापुढे नियम कितीही वेळा बदलोत, नव्याने येणाऱ्याला माझा सल्ला हाच असतो की आधी अशी वेळापत्रके शोधा. जिथे तारीख आहे तिथे कागद असला पाहिजे, आणि कागद नसेल तर तो का नाही, हा माहितीच्या अधिकारातला सर्वांत सरळ अर्ज होतो.

कागद हाती आला की त्यातला पहिला रकाना असतो शहरात रोज निर्माण होणाऱ्या कचऱ्याचा. हा आकडा वाचक स्वाभाविकपणे मोजलेला समजतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो गुणाकारातून आलेला असतो: लोकसंख्या गुणिले दरडोई इतके ग्रॅम. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून अंदाजाने पुढे ओढलेली, आणि ग्रॅम कुठल्या तरी मार्गदर्शक पुस्तिकेतले. दुसरा रकाना गोळा झालेल्या कचऱ्याचा, तिसरा प्रक्रिया झालेल्याचा. तिसऱ्याला पहिल्याने भागून टक्केवारी काढली जाते आणि तीच पुढे भाषणांत येते. म्हणजे भागाकाराच्या एका बाजूला अंदाज असतो आणि दुसऱ्या बाजूला बहुतेकदा कंत्राटदाराने दिलेली संख्या. अशा टक्केवारीला दशांश चिन्हापुढे दोन घरे कशी काय असतात, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

कंत्राटदाराची संख्या जिथे जन्मते ती जागा म्हणजे कचरा डेपोच्या फाटकातला वजनकाटा. इथे थोडे थांबू. काट्यावरच्या पावतीत साधारणपणे गाडीचा क्रमांक, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, त्यांची वजाबाकी आणि दोन वेळा असतात. आत शिरतानाची एक, बाहेर पडतानाची दुसरी. पैसे टनावर मिळत असतील तर प्रत्येक खेपेला एकच मोह असतो, वजाबाकी मोठी दिसावी. त्यासाठी कचऱ्याखाली राडारोडा भरता येतो, पाणी मारता येते, किंवा रिकाम्या गाडीचे वजन दर खेपेला करण्याऐवजी एकदाच करून फाईलला लावून ठेवता येते. म्हणून जाणता लेखापरीक्षक निव्वळ वजनाकडे उशिरा पाहतो. आधी तो दोन वेळांमधले अंतर पाहतो. दोन मिनिटांत दहा टनांची गाडी रिकामी होऊन परत काट्यावर उभी राहिली असेल, तर ती रिकामी झाली कुठे? एकाच क्रमांकाच्या गाडीचे रिकामे वजन महिनाभर किलोसुद्धा इकडे-तिकडे होत नसेल, तर टाकीतले डिझेल कधी कमी-जास्त झालेच नाही की काय? हे प्रश्न विचारायला पर्यावरणशास्त्राची पदवी लागत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ते अधिक लवकर सुचतात, आणि या क्षेत्राला त्यांची फार गरज आहे.

मुंबईचे उदाहरण पाहा. २०१४-१५ च्या सुमारास शहराचा रोजचा कचरा साडेनऊ हजार टनांच्या आसपास असल्याचे महापालिका सांगत होती. तीन-चार वर्षांत तो आकडा सात हजारांच्या आसपास आला. लोकसंख्या काही पाव हिश्श्याने घटली नव्हती. पालिकेने श्रेय दिले घरोघरच्या वर्गीकरणाला आणि सोसायट्यांतल्या खतनिर्मितीला. त्यात तथ्य असणारच. पण राडारोडा आणि गाळ यांची नोंद कचऱ्यातून वेगळी झाली का, वजनावर देखरेख वाढल्याने फुगवटा किती उतरला, सुका कचरा काट्यावर येण्याआधीच किती बाजूला पडू लागला, याची फोड केल्याशिवाय त्या घटीचे यश कोणाच्या पदरात टाकायचे हे ठरत नाही. आकडा घटला म्हणजे कचरा घटला, ही उडी मारण्याआधी थबकणे, ही या विषयातली पहिली शिस्त.

आता ऊर्जा. अन्नाच्या नासाडीशी वीज धोरणाचा काय संबंध, असे विचारणाऱ्याला दिल्लीच्या तिमारपूरची गोष्ट सांगावी. १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने तिथे कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. खर्च सुमारे २० कोटी रुपये, क्षमता रोज ३०० टनांची आणि पावणेचार मेगावॉटची. तो २१ दिवस चालला. भट्टीला किलोमागे साधारण १,४६० किलोकॅलरी उष्णता देणारा कचरा हवा होता, आणि दिल्लीचा कचरा होता भाजीच्या देठांचा, सालींचा, ओल्या खरकट्याचा, मातीचा. युरोपातल्या घरात कागद-पुठ्ठा-प्लास्टिक अधिक म्हणून तिथला कचरा पेटतो. आपल्या घरातला आधी वाळवावा लागतो. ही गोष्ट प्रकल्प मंजूर करणाऱ्यांच्या स्वयंपाकघरातही दिसत होती, पण मंजुरीच्या फाईलवर स्वयंपाकघराचा रकाना नसतो.

२०१६ च्या नियमांनी याची दखल घेतली. किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा अधिक उष्मांक असलेला, पुनर्वापर होऊ न शकणारा कचराच ऊर्जेसाठी वापरावा आणि तो भरावात टाकू नये, असे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राच्या वीजदर धोरणात दुरुस्ती होऊन, राज्यातल्या कचऱ्यापासून होणारी सगळी वीज वितरण कंपन्यांनी विकत घेतली पाहिजे, असे बंधन आले. दोन्ही तरतुदी सुट्या सुट्या वाचल्या तर शहाणपणाच्या वाटतात. एकत्र वाचल्या की ताण दिसतो. पहिली म्हणते, आधी सगळे वेगळे करा आणि शेवटी उरेल तेच जाळा. दुसरी म्हणते, जाळून जी वीज होईल तिला गिऱ्हाईक पक्के आहे. प्रकल्पाचा करार पंधरा-वीस वर्षांचा असतो आणि त्यात रोज इतके टन पुरवण्याची हमी पालिकेने दिलेली असते. मग वर्गीकरण जितके यशस्वी होईल तितकी भट्टी उपाशी राहणार, आणि भट्टीत जाणारा पुठ्ठा-प्लास्टिक कचरावेचकाच्या पोत्यातून जाणार. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला २०२३ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला. त्याच्याविषयी बरे-वाईट मत बनवण्याआधी अभ्यासकाने तीन कागद मागावेत: करारातले हमीचे कलम, भट्टीत जाणाऱ्या मालाच्या उष्मांकाच्या चाचण्या, आणि युनिटमागे ठरलेला दर. या तिन्हींतून जे चित्र उभे राहते ते उद्घाटनाच्या कोनशिलेवर मावत नाही.

ओल्या कचऱ्याचा गॅस करणे हा मार्ग आपल्या कचऱ्याच्या प्रकृतीला अधिक मानवणारा आहे, आणि त्यात महाराष्ट्राचे स्वतःचे योगदान आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प माथेरानसारख्या ठिकाणी उभा राहिला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने खरकट्यावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र बनवले आणि त्यासाठी २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळवला. शेणातले पोषण जनावराने आधीच काढून घेतलेले असते, अन्नातले शिल्लक असते, म्हणून अन्नाचा गॅस भराभर होतो, ही त्यामागची साधी विचारसरणी. तंत्रज्ञान हाताशी असूनही धोरण कसे अडखळते ते ‘सतत’ योजनेत पाहावे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने २०२३ पर्यंत ५,००० संपीडित बायोगॅस प्रकल्पांचे लक्ष्य जाहीर केले. २०२३ साल सरले तेव्हा सुरू झालेल्या प्रकल्पांनी शंभरीही गाठलेली नव्हती. लक्ष्य चुकणे हा गुन्हा नव्हे. ते का चुकले याचे विवेचन संसदेत कोणी मागितले, कोणत्या समितीपुढे झाले, आणि पुढचे लक्ष्य ठरवताना त्याचा आधार घेतला गेला का, इथे जबाबदारीचा अभ्यास सुरू होतो.

ऊर्जेच्या क्षेत्राकडे मी वळतो याचे आणखी एक, माझ्या मते सर्वांत मोठे कारण आहे. जबाबदारी कशी उभी करावी याचा एक धडा महाराष्ट्राने विजेच्या बाबतीत गिरवलेला आहे. नव्वदच्या दशकात राज्य वीज मंडळ गळती सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास असल्याचे सांगत असे. बाकीची वीज कुठे जाते? शेतीपंपांना. पंपांना मीटर नव्हते, अश्वशक्तीवर आकारणी होती, त्यामुळे हिशेबात जे बसेना ते शेतकऱ्याच्या नावावर घालता येई. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. दरवाढ हवी असेल तर मंडळाला प्रस्ताव जाहीर करणे, लोकांच्या हरकतींना लेखी उत्तर देणे आणि जनसुनावणीत उभे राहणे भाग पडले. पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या गटांनी, ग्राहक संघटनांनी, काही निवृत्त अभियंत्यांनी शेतीच्या त्या आकड्यावर नेमके बोट ठेवले. इतके तास पंप चालले असतील तर पाणी किती उपसले गेले असते, इतके पाणी जमिनीत आहे का, अशा उलटतपासणीपुढे जुना आकडा टिकला नाही. २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीच्या वेळेस गळतीचा आकडा तिशीच्या पलीकडे गेला. तारा त्याच होत्या आणि चोरीही तीच होती, मोजणी तेवढी उघड्यावर आली. त्याआधी दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीजखरेदी करार बंद दाराआड झाला होता आणि त्याची किंमत राज्याने मोजली. २००१ च्या माधव गोडबोले समितीने तो कारभार कसा चालला हे कागदावर आणले. या दोन प्रसंगांनी एक पिढी शिकली की दर ठरवण्याची प्रक्रिया उघडी असेल तर आकडे सुधारतात.

कचऱ्याला असा आयोग नाही. प्रक्रियेसाठी टनामागे किती पैसे द्यायचे हे निविदा समितीत आणि स्थायी समितीत ठरते. हरकत घ्यायला नागरिकाला मंच नाही, आणि कंत्राटदाराचा खर्चाचा तपशील व्यावसायिक गुपित म्हणून झाकला जातो. विजेच्या युनिटमागे काही पैसे वाढवायला ज्या राज्यात जनसुनावणी लागते, त्याच राज्यात टनामागचा दर दुप्पट करायला एक ठराव पुरतो. कचरा प्रक्रियेचे मोठे करार दरनिश्चितीसारख्या सुनावणीतून जावेत असे मला वाटते. पुढच्या पानांतल्या सगळ्यांना हे मान्य नाही. आणखी एक आयोग म्हणजे आणखी एक विलंब, असा आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही.

अन्नाच्या नासाडीकडे येताना आकड्यांचा गुंता अधिकच वाढतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात जगात २०२२ मध्ये एक अब्ज टनांहून अधिक अन्न वाया गेल्याचे म्हटले, आणि भारतातल्या घरांसाठी दरडोई वर्षाला ५५ किलोंचा अंदाज दिला. आपल्या वर्तमानपत्रांनी तो ‘भारतीय इतके अन्न फेकतात’ अशा मथळ्यांत छापला. अंदाज मोजक्या स्थानिक पाहण्यांवर उभा आहे हे त्याच अहवालात सांगितले आहे. मथळ्यात तेवढी जागा नव्हती. काढणीपश्चात नुकसानीचा प्रश्न वेगळा. लुधियानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कांद्याचे नुकसान सुमारे ८ टक्के दिसते. साठवलेल्या कांद्याचा चौथा हिस्सा सडतो, असा आकडाही सरकारी बोलण्यात सर्रास येतो. दोन्हींपैकी एक खोटा असलाच पाहिजे असे नाही. एक संपूर्ण उत्पादनाची सरासरी सांगतो, दुसरा चाळीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या मालाविषयी बोलतो. निफाड-लासलगावच्या शेतकऱ्याला विचारले तर तो तिसराच आकडा सांगेल, कारण तो वजनातली घटही धरतो. कांदा न सडताही हलका होतो. आता कांदाचाळीच्या अनुदानाचा उपयोग झाला की नाही हे यांपैकी कोणत्या आकड्याने तपासायचे? अनुदानाच्या अहवालात बहुतेक वेळा किती चाळी बांधल्या एवढेच येते. किती कांदा वाचला, हे येत नाही. चाळ मोजायला सोपी, वाचलेला कांदा मोजायला अवघड, आणि सरकारी खाते सोपे ते मोजते.

सरकारी गोदामांतल्या धान्याबाबत परिस्थिती थोडी बरी आहे, कारण तिथे हक्काची भाषा आली. २००१ च्या अन्नाधिकाराच्या याचिकेने भरलेली गोदामे आणि उपाशी पोटे यांना एकाच प्रतिज्ञापत्रात आणले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सामाजिक लेखापरीक्षण आणि दक्षता समित्या कलमांत घातल्या. लग्नकार्यातल्या उरलेल्या अन्नासाठी २०१९ चे विनियम आहेत, त्यांवर अजून फारसे लिहिण्यासारखे घडलेले नाही.

पुनर्चक्रणाविषयी लिहिताना नियमावलीपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. मी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’पासून करतो. १९९३ मध्ये पुण्यात ही संघटना उभी राहिली. तिच्या कार्यकर्त्यांनी कचरावेचक रोज किती माल वेचतात याचा हिशेब मांडला आणि तेवढा कचरा डेपोपर्यंत न्यावा न लागल्याने महापालिकेचा किती वाहतूक खर्च वाचतो हे दाखवले. दयेची याचना करण्याऐवजी त्यांनी पालिकेपुढे जणू बिल ठेवले. त्यातून कचरावेचकांचा आरोग्य विमा आला, पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि २००८ चा महापालिकेशी करार. खालून मोजलेल्या आकड्याने वरच्या कारभाराला बांधून घेतल्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही. त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या विस्तारित उत्पादक जबाबदारीची कहाणी ठेवा. तिथे कंपन्या पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे संगणकावर विकत घेतात. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मोजक्या चार प्रक्रियादारांची तपासणी केली, तर सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे निघाली. पोत्यातले प्लास्टिक कधी जागचे हललेच नव्हते.

या सगळ्यात एक प्रश्न राहून जातो: जाब विचारणारा कोण? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीत पडला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, गाड्या अडवल्या गेल्या, आश्वासने मिळाली. ज्या महापालिकेचा कचरा पडत होता तिच्या निवडणुकीत या गावांना मत नव्हते. २०१७ मध्ये ती पालिकेत आली. पुढे पुन्हा वेगळी करून त्यांची नगरपरिषद करण्यात आली. नारेगावच्या लोकांनी २०१८ मध्ये औरंगाबादच्या गाड्या रोखल्या तेव्हा शहरभर ढीग साचले, आणि तेव्हा कुठे शहराला आपला कचरा दिसला. उलट शहरांतल्या मतदाराची अवस्था पाहा: २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते. प्रशासकच प्रस्ताव ठेवी आणि प्रशासकच मंजूर करी. महापालिका अधिनियमातले कलम ६७-अ सांगते की आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवावा. सभागृह रिकामे असताना हा अहवाल कोणापुढे ठेवला गेला, हा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा विषय आहे.

न्यायालये या पोकळीत शिरतात, पण त्यांचा हात जाडा असतो. देवनारच्या डेपोला जानेवारी २०१६ मध्ये आग लागून धूर शहरभर पसरला. महिन्याभरात मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याचे नियम पाळले जात नाहीत म्हणून शहरातल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला तात्पुरती स्थगिती दिली. दरम्यान बांधकाम व्यवसाय कळवळला हे खरे, पण १९२७ पासून चालू असलेला डेपो बंद करण्याच्या तारखा पुढे पुढेच सरकत राहिल्या. शिक्षा एकाला, चूक दुसऱ्याची, असा हा प्रकार झाला. महालेखापरीक्षकांची वाट अधिक संथ आणि अधिक नेमकी आहे: आक्षेप, खात्याचे उत्तर, लोकलेखा समिती, अनुपालन अहवाल. ते कोणी वाचत नाही, ही त्या वाटेची एकमेव अडचण.

चांगली उदाहरणे दिली नाहीत तर नवा वाचक दारातूनच परत फिरेल. वेंगुर्ल्याने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात डेपोचे रूप पालटले, कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला, ओल्याचा गॅस केला. गोव्यात साळगावला २०१६ मध्ये सुरू झालेला प्रकल्प शेजारी देशांतल्या अभ्यासकांना दाखवण्याजोगा, तर त्याच राज्यात मडगावचा सोनसडो वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत. छोट्याशा राज्यात एकच कायदा असताना हा फरक का पडतो? वेंगुर्ल्याच्या बाबतीतही खरा अभ्यास अधिकारी बदलून गेल्यानंतरच्या वर्षांचा आहे. पुरस्काराचे वर्ष सगळे लिहितात.

हे पुस्तक सलग वाचण्याची गरज नाही. ज्याला हिशेबाची आवड आहे त्याने वजनकाट्यापासून आणि निविदांपासून सुरुवात करावी, कायद्याच्या विद्यार्थ्याने अल्मित्रा पटेल याचिकेपासून, आणि ज्याच्या घरी शेती आहे त्याने कांद्याच्या प्रकरणापासून. नगरसेवकांनी, विशेषतः पहिल्यांदा निवडून आलेल्यांनी, विजेच्या जनसुनावण्यांवरचा भाग चुकवू नये. आपल्या गावचा वार्षिक अहवाल मागवून तो शेजारी ठेवून वाचला तर लेख पटापट कळतील आणि बहुधा लेखकांशी मतभेदही होतील; तसे झाले तर कळवावे.

आकड्यांविषयी एक सूचना. टन म्हणजे सर्वत्र एक हजार किलो. प्रकल्पांच्या संदर्भात ‘रोज इतके टन’ असे कागदोपत्री लिहिलेले असते तेव्हा ती मंजूर क्षमता आहे, उभारलेली आहे की प्रत्यक्ष आत येणारा माल आहे, हे मूळ कागदात बऱ्याचदा सांगितलेले नसते. जिथे ते शोधून काढता आले तिथे आकड्याशेजारी तसा शब्द घातला आहे. जिथे नाही, तिथे तो आकडा कोष्टकातून वगळला आहे, म्हणून काही कोष्टके वाचकाला अपुरी दिसतील.